चान्यांचा हिशेब

२०१५ साली मराठवाड्यातल्या एका जुन्या खाण्यावर तीन बाजूंनी तीन गोष्टी येऊन आदळल्या. मार्चमध्ये महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. विधिमंडळाने ती १९९५ सालीच मंजूर केली होती, राष्ट्रपतींची संमती वीस वर्षांनी मिळाली. गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने आधीच बंदी होती. आता बैल आणि वळूही त्यात आले, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या लियाँ शहरात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दहा देशांतले बावीस तज्ज्ञ बसवून निकाल दिला, की मीठ लावून, मुरवून, आंबवून किंवा धुरी देऊन टिकवलेलं मांस माणसात कॅन्सर घडवतं. आणि त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ प्रसिद्ध झालं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं, ते पाककृतींसकट सांगणारं हे पुस्तक. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकर यांनी ते इंग्रजीतही नेलं.

या तिन्हींचा आपसात काही संबंध नव्हता. पण वाद घालणाऱ्यांनी तो जोडला. ज्यांना खाणं धर्माच्या नावाने नको होतं, त्यांना आयतं वैज्ञानिक कारण सापडलं. ज्यांना ते अस्मितेच्या नावाने हवं होतं, त्यांनी कॅन्सरचा विषयच कारस्थानाच्या खात्यात टाकला. मधल्या मधे चान्यांचं काय, म्हणजे त्या अंगाला लागतात की बाधतात, हा साधा प्रश्न तसाच राहिला. मला तो इथे ग्रॅममध्ये विचारायचा आहे.

ज्यांच्या घरी हा शब्दच पोचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्याच्या, म्हणजे गाई-बैल-म्हशीच्या, मांसाच्या लांब पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ, हळद लावायची आणि उन्हात दोरीवर वाळवायच्या. चरबी शक्य तितकी काढून टाकायची, नाहीतर माल खवट होतो. कावळ्या-घारींवर पोरांचा पहारा. कडकडीत वाळल्या की तुकडे करून डब्यात. पुढे पावसाळ्यात, हाताला काम नसताना, भाजी महाग असताना, मूठभर काढायच्या. निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर, नाहीतर ठेचून तुरीच्या डाळीत किंवा येसूर मसाला घातलेल्या रश्शात. दख्खनी मुसलमान घरांतही बकरीदनंतर मांस असंच वाळवून ठेवण्याची रीत आहे. अमेरिकेतली जर्की, दक्षिण आफ्रिकेतलं बिल्टाँग, तुर्कस्तानातली पास्तिरमा ही सगळी याच बुद्धीची लेकरं. बिल्टाँगला तर धणेसुद्धा लावतात. आज महाराष्ट्रात कायद्याच्या चौकटीत कुणी चान्या करील तर त्या म्हशीच्या किंवा रेड्याच्या. बाहेरच्या राज्यातून आणलेलं गोवंशाचं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केलं, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. म्हशीचं मांस बैलाच्या मांसापेक्षा चरबीला कमीच, प्रथिनांना जवळपास सारखं. त्यामुळे पुढचा हिशेब फारसा बदलत नाही.

आधी कॅन्सरचं बघू, कारण तिथेच सर्वांत जास्त गोंधळ आहे. लियाँच्या निकालातून पळवाट काढायचं कारण नाही. आरोग्य संघटनेने उदाहरणं देताना बिल्टाँग आणि जर्की यांची नावं घेतली आहेत. त्या व्याख्येत चान्याही बसतात. वर्ग पहिला, म्हणजे पुरावा पक्का. पण हे वर्ग पुराव्याची मजबुती सांगतात, धोक्याचं माप सांगत नाहीत. त्याच पहिल्या वर्गात २००४ पासून सुपारी आहे. होय, पूजेच्या ताम्हनातली, बारशाच्या विड्यातली, नुसती सुपारी, तंबाखू नसलेलीसुद्धा. लाकूडफाट्यावर पेटणाऱ्या चुलीचा धूर वर्ग ‘२-अ’ मध्ये आहे. ताजं लाल मांसही त्याच ‘२-अ’ मध्ये. आणि २००७ पासून रात्रपाळीची नोकरीही तिथेच, २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलेली.

आता ही यादी घेऊन बिडकीनला यावं. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे मोठं बाजारगाव. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याच्या आणि शेजारच्या गावांच्या शिवारातली सुमारे आठ हजार एकर जमीन दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी गेली. ‘ऑरिक’ नावाच्या त्या पट्ट्यात २०२४ मध्ये एथर, टोयोटा किर्लोस्कर यांसारख्या कंपन्यांनी प्रकल्प जाहीर केले. कारखाने आले की पाळ्या येतात. म्हणजे घरात चुलीच्या धुराजवळ बसलेली आई, रात्रपाळीला निघालेला मुलगा, टपरीवर २०१२ पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा, खिशातली सुपारी, आणि महिन्यातून एखाद्या वेळी पातेल्यात पडणाऱ्या चान्या. यादीप्रमाणे सगळेच गुन्हेगार. यातल्या एकावरच समाजाचं बोट आरोग्याच्या नावाने उठतं, तेव्हा त्या बोटाला आरोग्याची काळजी कितपत आहे याची शंका घ्यायला हवी. रात्रपाळीवर बंदी आणा असं कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर तरी नाही. सुपारीचं तर बोलायलाच नको.

माप काय, तर रोज ५० ग्रॅम टिकवलेलं मांस खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. हे १८ टक्के मूळ धोक्याचे. जिथे शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात हा आजार होतो, तिथे सगळ्यांनी रोज इतकं खाल्लं तर ते पाचाचे सहाच्या आसपास होतील. भारतात हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच कमी आहे, म्हणजे मूळचे पाचही नाहीत. आणि ‘रोज’ हा शब्द सोडून चालणार नाही. रोज ५० ग्रॅम म्हणजे वर्षाला १८ किलो. मजुरी करणाऱ्या घरात माणशी १८ किलो वाळलेलं मांस कुठून येणार? त्यासाठी ताजं मांस तिप्पट-चौपट लागेल.

कारणंही नीट पाहिली पाहिजेत, कारण सगळं वाळलेलं मांस एकाच मार्गाने वाईट नसतं. कारखान्यातल्या मालात बहुधा नायट्राइट घालतात. त्याने रंग गुलाबी राहतो आणि बोटुलिझमचे जंतू वाढत नाहीत, पण त्यापासून पोटात नायट्रोसो संयुगं बनू शकतात. धुरी दिलेल्या मालावर अपूर्ण जळलेल्या लाकडातली बेंझोपायरीनसारखी संयुगं बसतात. युरोपीय संघाने २०१४ पासून धुरी दिलेल्या मांसात त्याची मर्यादा किलोमागे दोन मायक्रोग्रॅमवर आणली आहे. घरच्या चान्यांत नायट्राइट नसतं, आणि मुख्य काम ऊन करतं, धूर नाही. एवढ्याने त्या निर्दोष ठरत नाहीत. लाल मांसातलं हीम, म्हणजे रक्ताला लाल करणारं लोहयुक्त द्रव्य, स्वतःच आतड्यात नायट्रोसो संयुगं बनायला मदत करतं. आणि निखाऱ्यावर थेट भाजताना चरबी टपकून जो धूर उठतो, तो धुरी घराचंच काम चार मिनिटांत करतो. डाळीत शिजवलेली चानी भाजलेल्या चानीपेक्षा या बाबतीत बरी. चवीला कोणती बरी, हा प्रश्न मी इथे मुद्दाम टाळतो.

आता दुसरं पारडं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के आणि पाच वर्षांखालच्या बालकांपैकी जवळपास ६९ टक्के रक्तक्षयाच्या खात्यात निघाले. पाच वर्षांखालची पस्तीस टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटल संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं तेव्हा सुमारे दोन तृतीयांशांमध्ये बी-१२ कमी सापडलं. हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसतं. दुधात असतं, अंड्यात असतं, मासळी-मांसात असतं. गरिबाच्या घरी दूध चहापुरतं. अंडं शाळेत तरी मिळावं म्हणून राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. हवं असेल तर लोकवर्गणीतून द्या, असं सांगून.

अशा ताटात चान्यांची किंमत काय? मांसातला बहुतेक भाग पाणी, साधारण सत्तर टक्क्यांच्या वर. ते काढलं की उरलेलं तीन-चार पट दाट होतं. सहा माणसांच्या घरात दोनशे ग्रॅम चान्या शिजल्या तर माणशी तेहतीस ग्रॅम, म्हणजे ताज्या मांसाचे जवळपास शंभर ग्रॅम. त्यातून सतरा-अठरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. पंचावन्न किलोच्या बाईची दिवसाची गरज सेहेचाळीसच्या आसपास धरली आहे. बी-१२ दिवसाच्या गरजेच्या जवळ जातं, आणि ते यकृतात साठतं, त्यामुळे कधीमधी खाल्लेलंही कामी येतं. जस्त चांगलं. लोह मात्र दोन-अडीच मिलिग्रॅम, गरज एकोणतीसची. मांस खाल्लं की रक्त वाढतं असं जे सरसकट म्हटलं जातं, त्याला हा आकडा जागेवर आणतो. फरक पडतो तो शोषणात. ज्वारी-बाजरीतलं लोह फायटेटमध्ये अडकतं, त्यातलं फार थोडं अंगी लागतं. हीममधलं लोह त्याच्या कितीतरी पट. शिवाय सोबतच्या भाकरी-डाळीतलं अडकलेलं लोहही मांसामुळे थोडं जास्त सुटतं. म्हणून डाळीत ठेचलेल्या मूठभर चान्या हा पोषणशास्त्राला पटणारा मेळ आहे. वर लगेच चहा घेतला नाही तर.

हाच माल पाकिटात गेला की हिशेब पालटतो. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात घडीव जर्कीच्या शंभर ग्रॅममध्ये ३३ ग्रॅम प्रथिनं दिसतात. पण त्यासोबत पंचवीसेक ग्रॅम चरबी, नऊ-दहा ग्रॅम साखर आणि पाच ग्रॅमच्या आसपास मीठ. आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभरासाठी सांगितलेलं मीठही पाचच ग्रॅम. प्रथिनांचा नाश्ता म्हणून जिमच्या पिशवीत ही पाकिटं ठेवणारा तरुण आपल्याकडेही दिसायला लागला आहे. त्याला बी-१२ ची ददात सहसा नसते, लोहाची फारशी नसते. त्याला मिळतं ते मीठ, आणि लियाँच्या यादीतला तो ‘रोज’. चान्यांतही मीठ असतं, कधी कधी भरपूर. पण घरची बाई त्या धुऊन, भिजवून, पाणी फेकून देऊ शकते, पातेल्यात वरून मीठ टाकायचं थांबवू शकते. पाकीट फोडून तोंडात टाकायचं, त्यात ही मुभा नाही.

जंतूंच्या बाबतीतही असंच आहे. अमेरिकेत ओरेगन राज्यात १९९५ मध्ये घरी केलेल्या हरणाच्या जर्कीतून ई. कोलायची साथ पसरली होती. तिथलं कृषी खातं तेव्हापासून सांगत आलं आहे की मांस आधी ७१ अंशांपर्यंत तापवा आणि मगच वाळवा, कारण नुसत्या वाळवणाने जंतू मरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात. मराठवाड्याचं ऊन कितीही कडक असलं तरी ७१ अंश नाही. चानी वाचते ती वेगळ्या कारणाने: ती कच्ची खात नाहीत, शेवटी भाजतात किंवा उकळतात. तापवण्याचा टप्पा इकडे शेवटी येतो. मात्र पट्टी जाड कापली, आभाळ भरून आलं, वाळायला दोन दिवस जास्त लागले, माशा बसल्या, तर स्टॅफिलोकोकसचं विष तयार होतं, आणि ते उकळून जात नाही. आजीला सूक्ष्मजीवशास्त्र येत नव्हतं, पण ढगाळ दिवशी चान्या घालायच्या नाहीत हे येत होतं.

इथवर आलो की कुणी म्हणेल, चला, चान्यांची बाजू मांडून झाली. तसं नाही. या पदार्थाचा जन्म ज्या सक्तीत झाला ती बाजूला ठेवून त्याचं कौतुक करणं मला जमत नाही. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं हे महारकीचं काम होतं. सणावाराला कापलेलं नव्हे, मेलेलं. कशाने मेलं ते कुणी विचारायचं नाही. एका दिवसात आख्खं जनावर संपत नाही, म्हणून वाळवायचं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडा असं सांगितलं ते स्वाभिमानासाठी. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तर त्यांनी अस्पृश्यतेच्या मुळाशी मेलेल्या गाईचं मांस खाण्याचा प्रश्न ठेवला. अनेक घरांनी त्यांच्या शब्दावर हे खाणं टाकलं, उपाशी राहून टाकलं. त्या घरांना आज ‘आपली खाद्यसंस्कृती’ म्हणून कुणी चान्या वाढायला लागलं, तर त्यांचा संताप समजून घ्यावा लागेल.

आणि योगायोगाने आरोग्याचा निकालही बाबासाहेबांच्या बाजूने जातो. काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने मेलेल्या जनावराचं मांस वाळवलं तर त्यातले बीजाणू तसेच राहतात, साध्या शिजवण्याने त्यांची खात्री देता येत नाही. ओडिशाच्या कोरापूट भागात मेलेली गुरं खाऊन अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना आपल्या काळातल्या आहेत. म्हणून मेलेल्या जनावराची चानी आणि तपासून कापलेल्या म्हशीची चानी हे आरोग्याच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. पहिल्याचं समर्थन कुठल्याही पोषणमूल्याने होत नाही. दुसऱ्यावर पहिल्याची लाज चढवली जाते, ती मात्र उतरवायला हवी.

या सगळ्या वादात जिचं नाव कुणी घेत नाही ती पातेल्याजवळ बसलेली बाई. सर्वेक्षणातली ५४ टक्के तीच. घरात बाप्ये आणि पोरं आधी जेवतात, तुकडे त्यांच्या ताटात जातात. बाई शेवटी रस्सा आणि भाकरी खाते. लोह आणि प्रथिनं बहुतांशी तुकड्यात राहतात. मीठ मात्र उकळताना सुटून रश्शात उतरतं. म्हणजे एकाच पातेल्यातून पुरुषाला रक्त मिळतं आणि बाईला रक्तदाब. हा माझा तर्क आहे, पण तो करायला प्रयोगशाळा लागत नाही. मीठ पाण्यात विरघळतं आणि मांस विरघळत नाही, एवढं पुरतं. चान्या चांगल्या की वाईट याचं उत्तर ताट कुणाचं आहे ते कळल्याशिवाय देता येत नाही, असं मी म्हणतो ते यासाठी. अमेरिकेत आणि बिडकीनमध्ये फरक पडतो तसा एकाच घरातल्या दोन ताटांतही पडतो. अस्मितेच्या बाजूने बोलणारे पुरुष लेखक हा मुद्दा सहसा गाळतात. (स्त्रियांनी लिहिलेल्या आत्मकथनांत तो वारंवार भेटतो.)

आता दवाखान्यात काय होतं ते पाहा. आशाताई लोहाच्या गोळ्या देते, आहार विचारते. हिरव्या भाज्या खा, गूळ-शेंगदाणे खा, बीट खा, असं सांगितलं जातं. बाई चान्यांचं नाव काढत नाही, कारण समोरची कोण, तिचं घर कोणतं, ती काय म्हणेल, हे तिला माहीत नसतं. तिने सांगितलं असतं तर तिला दोन उपयोगी गोष्टी कळल्या असत्या: रक्त कमी आहे तर रश्शाबरोबर चार तुकडेही तुझ्या ताटात घे, आणि सासूला रक्तदाब आहे तर चान्या भिजवून पहिलं पाणी टाकून दे. दोन्ही सल्ले फुकटचे आहेत आणि दोन्ही दिले जात नाहीत. गोळी चालू राहते, पोटात जळजळ होते म्हणून अर्धी पाकिटं पत्र्याच्या डब्यावर पडून राहतात.

लपवण्याचा एक थेट परिणाम वाळवणावरही होतो. दोरी अंगणात बांधली तर वारा-ऊन दोन्ही मिळतं. घरमालकाच्या, शेजाऱ्याच्या किंवा रस्त्याने जाणाऱ्या टोळक्याच्या भीतीने तीच दोरी आत, पत्र्याखाली, चुलीच्या वर गेली की वाळायला उशीर लागतो आणि धूर बसतो. म्हणजे जंतूंचाही धोका वाढतो आणि ज्या संयुगांसाठी युरोपने मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली त्यांचाही. कायद्याने चालणारं म्हशीचं मांसही असं भीतीपोटी आत जातं, कारण दोरीवर वाळणाऱ्या पट्टीकडे बघून ती कुणाची हे सांगता येत नाही, आणि बघणाऱ्याला ते तपासायचंही नसतं.

बिडकीनच्या शिवारात नवीन कामगार वसाहती उभ्या राहतील, त्यात भाड्याच्या खोल्या असतील, आणि काय शिजवायचं याच्या अटीही असतील. पाळीवरून आलेला पोरगा चुलीवरचं सोडून पाकिटातलं खायला लागेल, कारण पाकिटाला वास नाही, दोरी नाही, शेजाऱ्याला दिसत नाही. त्यात मीठ जास्त, साखर जास्त, नायट्राइट जवळपास ठरलेलं. मांसही बहुधा कोंबडीचं असेल, म्हणजे कुणाच्या भावनाही दुखावणार नाहीत. आरोग्याच्या नावाने चान्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी या पाकिटाबद्दल अजून तोंड उघडलेलं नाही.